गतीचा आलेख : सूत्राच्या आधी निरीक्षण

माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या अभ्यासक्रमात गतीचे प्रकरण प्रारंभीच येते. नववीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘गतीचे नियम’ या नावाने ते आहे. दहावीत गुरुत्वाकर्षणाच्या निमित्ताने ते पुन्हा भेटते आणि अकरावीत प्रक्षेपित वस्तूच्या गतीपर्यंत पोहोचते. दिसायला हे प्रकरण सोपे आहे. तीन समीकरणे, दोन प्रकारचे आलेख आणि काही उदाहरणे. तरीही अनेक विद्यार्थ्यांच्या मनात ‘भौतिकशास्त्र आपल्यासाठी नाही’ ही भावना याच ठिकाणी रुजते. ज्या घरातून विज्ञान शिकणारी पहिलीच पिढी शाळेत आली आहे, त्या घरातील मुलाच्या मनात ती अधिक लवकर रुजते. कारण घरी विचारावे असे कोणी नसते आणि शाळेत विचारण्याचे धैर्य अद्याप आलेले नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा पाठ कसा शिकवावा, हा आहे. विद्यार्थ्याने स्वतः मोजलेल्या गतीपासून प्रारंभ करावा, तिचा आलेख त्याने स्वतःच्या हाताने काढावा आणि समीकरण सर्वांत शेवटी यावे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. हा केवळ सोयीचा क्रम नाही. त्यामागे ज्ञानाविषयीची एक भूमिका आहे आणि ती आपल्याला अपरिचित नाही. अंगुत्तर निकायातील कालाम सुत्तात तथागतांनी कालामांना सांगितले, की एखादी गोष्ट परंपरेने चालत आली, ग्रंथात लिहिली आहे किंवा गुरूने सांगितली, एवढ्याच कारणाने ती स्वीकारू नये. स्वतः पारखून पाहावी. बुद्धांनी गतीचे नियम सांगितले होते, असा दावा करण्याचे काहीही कारण नाही आणि तसा दावा करूही नये. परंतु पारखून पाहण्याची जी शिस्त त्यांनी सांगितली, ती विज्ञानाच्या वर्गात पाळली जाते की नाही, हा प्रश्न आपण अवश्य विचारला पाहिजे. फळ्यावर सूत्र लिहून ‘पाठ करा’ म्हणणारा शिक्षक त्या शिस्तीविरुद्ध वागत असतो, मग सूत्र कितीही बरोबर असो.

शब्दांची पूर्वतयारी

व्यवहारात आपण गती, वेग, चाल हे शब्द एकमेकांऐवजी वापरतो. शास्त्रात तसे चालत नाही. म्हणून पहिला तास शब्दांना द्यावा.

आंजर्ल्याच्या विद्यार्थ्याला अंतर आणि विस्थापन यांतील भेद समजावण्यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. जोग नदीच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हा माणसे होडीने पलीकडे जात. पलीकडचा काठ डोळ्यांसमोर दिसे. परंतु पायी किंवा गाडीने जायचे तर खाडीला वळसा घालावा लागे. होडीने जाणारा आणि वळशाने जाणारा, दोघेही एकाच जागेहून निघून एकाच जागी पोहोचले, तर दोघांचे विस्थापन सारखेच. कापलेले अंतर मात्र वेगवेगळे. विस्थापन म्हणजे आरंभबिंदूपासून अंतिम बिंदूपर्यंतची सरळ रेषा, तिच्या दिशेसह. अंतराला काळाने भागले की चाल मिळते. विस्थापनाला काळाने भागले की वेग मिळतो. वेग बदलण्याच्या दराला त्वरण म्हणतात. सकाळी हर्णैला जाऊन दुपारी घरी परतलेल्या माणसाने अंतर पुष्कळ कापले, पण त्याचे एकूण विस्थापन शून्य आहे. हे वाक्य ऐकून वर्ग हसतो. त्या हसण्यातच संकल्पना पक्की होते.

पुळणीवरचा पाठ

दुसरा तास समुद्रावर घ्यावा. ओहोटीनंतरची ओली, घट्ट पुळण ही उत्तम प्रयोगशाळा आहे. एका विद्यार्थ्याला सरळ रेषेत सहज चालीने चालायला सांगावे. दुसऱ्याने घड्याळ पाहून दर दोन सेकंदांनी टाळी वाजवावी. टाळी वाजताच तिसऱ्याने चालणाऱ्याच्या पावलाशी शिंपला ठेवावा. मग टेपने आरंभापासूनची अंतरे मोजावीत. समजा, ती ३, ६, ९ आणि १२ मीटर आली. वर्गात परतल्यावर आडव्या अक्षावर काल आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन हे बिंदू मांडले, की सरळ रेषा मिळते. दर दोन सेकंदांत तीन मीटर, म्हणजे दर सेकंदाला दीड मीटर. रेषेचा हा चढ हीच त्या विद्यार्थ्याची चाल.

प्रत्यक्षात शिंपल्यांमधील अंतरे अगदी समान येत नाहीत. ती समान करून लिहू नयेत. जसे मोजले तसेच मांडावे आणि बिंदूंच्या मधून जाणारी योग्य रेषा कशी ओढावी, यावर चर्चा करावी. मोजमापाशी प्रामाणिक राहणे हा या पाठातील पहिला संस्कार आहे.

यानंतर क्रम उलटा करावा. शिक्षकाने फळ्यावर आलेख काढावा आणि विद्यार्थ्याने तो अंगणात चालून दाखवावा. चढती रेषा असेल तर पुढे चालायचे. अधिक उभी असेल तर भरभर. आडवी असेल तर जागीच थांबायचे. उतरती असेल तर आरंभाकडे परतायचे. शेवटी अगदी उभी रेषा काढून ‘ही कोण चालून दाखवतो?’ असे विचारावे. काही क्षण शांतता पसरते. मग एखादी विद्यार्थिनी सांगते, की हे शक्यच नाही. कारण एकाच क्षणी एकच माणूस अनेक ठिकाणी असू शकत नाही. हे उत्तर तिला कोणी सांगितलेले नसते. आलेखानेच ते तिला दिलेले असते.

आलेख म्हणजे रस्त्याचे चित्र नव्हे

या प्रकरणातील सर्वांत खोल गैरसमज येथे आढळतो. विद्यार्थी आलेखाकडे चित्र म्हणून पाहतात. आपल्याकडे रस्ते चढउतारांचे असल्यामुळे हा गैरसमज अधिकच स्वाभाविक ठरतो. अंतर-काल आलेखातील चढती रेषा पाहून ‘गाडी डोंगर चढते आहे’ आणि उतरती रेषा पाहून ‘घाट उतरते आहे’, असे उत्तर येते. वस्तुतः दापोलीकडे निघालेली एस.टी. चढण चढत असो, उतरत असो वा सपाटीवर असो, आरंभापासूनचे तिचे अंतर वाढत असेल तर रेषा चढतीच राहील. चढणीवर गाडी मंदावली, तर उलट रेषेचा चढ कमी होईल.

दुसरा गैरसमज आडव्या रेषेचा. अंतर-काल आलेखात आडवी रेषा म्हणजे वस्तू स्थिर आहे. वेग-काल आलेखात तशीच आडवी रेषा म्हणजे वस्तू एकसमान वेगाने चालली आहे. रेषा एकच, अर्थ दोन. म्हणून आलेख वाचताना प्रथम अक्ष वाचावेत, मग रेषा वाचावी. ही सवय लागली, की निम्मी अडचण दूर होते. पुढील आयुष्यात वर्तमानपत्रातील महागाईचा किंवा पावसाचा आलेख वाचतानाही तीच सवय उपयोगी पडते.

पन्हळीतील गोळी

आता बदलत्या वेगाकडे वळू. पडणारी वस्तू इतक्या झपाट्याने पडते, की साध्या घड्याळाने तिचे मोजमाप जमत नाही. इटलीतील गॅलिलिओ याने यावर उपाय शोधला. उतरत्या फळीच्या खोबणीतून त्याने पितळी गोळी घरंगळत सोडली आणि भांड्यातून पडणाऱ्या पाण्याचे वजन करून काळ मोजला. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने याचे वर्णन केले आहे. उतरणीमुळे पतन मंदावते, पण त्याचा नियम बदलत नाही, ही त्यामागची कल्पना.

आपल्याकडे बागेत पाणी नेण्यासाठी पोफळीच्या चिरलेल्या खोडाची पन्हळ वापरत आले आहेत. आतून गुळगुळीत केलेली अशी चार-पाच मीटरची पन्हळ, ती न मिळाल्यास उभा चिरलेला प्लास्टिकचा पाइप, या प्रयोगास पुरेसा आहे. एका टोकाखाली जांभ्याचा चिरा ठेवावा आणि वरून गोळी सोडावी. दर सेकंदाला गोळी कोठे पोहोचली, हे खडूने खुणावून घ्यावे. अलीकडे मोबाइलवरील चित्रफितीमुळे हे काम फारच सोपे झाले आहे. उतार योग्य जुळवला, तर पहिल्या चार सेकंदांच्या अखेरीस गोळीने कापलेली अंतरे साधारण २५, १००, २२५ आणि ४०० सेंटिमीटर अशी येतील. हिशेबाच्या सोयीसाठी येथे पूर्ण आकडे घेतले आहेत.

विद्यार्थ्यांना प्रत्येक सेकंदातील अंतर वेगळे काढायला सांगावे : २५, ७५, १२५, १७५. यांचे प्रमाण १ : ३ : ५ : ७. ओळीने येणाऱ्या विषम संख्या! गॅलिलिओने हेच प्रमाण नोंदवले होते. आंजर्ल्याच्या अंगणात साध्या गोळीने तोच नियम आपल्या हातांनी गवसला, ही जाणीव विद्यार्थ्याला जे देते, ते पाठांतर देऊ शकत नाही.

येथेच क्षणिक वेगाचा प्रश्न उपस्थित होतो. वेग सतत बदलत असेल, तर ‘तिसऱ्या सेकंदाच्या अखेरीचा वेग’ म्हणजे नेमके काय? हा प्रश्न भारतीय विद्येलाही पडला होता. ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त भास्कराचार्यांनी ग्रहांच्या संदर्भात ‘तात्कालिक गती’ ही संकल्पना वापरली. काळाचा तुकडा लहान लहान करत नेला, की सरासरी वेग ज्या मूल्याकडे झुकतो, तो त्या क्षणाचा वेग, असे विद्यार्थ्यांना सांगावे. आलेखावर तो त्या बिंदूपाशी वक्राला स्पर्श करणाऱ्या रेषेच्या चढाने दिसतो.

समीकरणांची सिद्धता

पन्हळीतील गोळीचा वेग-काल आलेख काढला, तर तो आरंभबिंदूतून निघणारी सरळ रेषा येतो. चार सेकंदांच्या अखेरीस वेग दर सेकंदास दोन मीटर. या रेषेखालचा त्रिकोण पाहा. पाया ४ सेकंद, उंची सेकंदाला २ मीटर; क्षेत्रफळ ४ × २ ÷ २ = ४ मीटर. पन्हळीत मोजलेले अंतरही ४०० सेंटिमीटरच होते. वेग-काल रेषेखालील क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, हे विधान येथे सिद्ध होते आणि मोजपट्टीने पडताळलेही जाते. चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम याने गतीची अशीच आकृती काढून हाच विचार मांडला होता.

आता वस्तू आरंभीच काही वेगाने चाललेली असेल, तर त्रिकोणाऐवजी समलंब चौकोन मिळतो. त्यातील आयत आणि त्रिकोण वेगळे केले, की समीकरणे आपोआप पुढे येतात :

१. अंतिम वेग = प्रारंभिक वेग + (त्वरण × काल).
२. विस्थापन = (प्रारंभिक वेग × काल) + (त्वरण × कालाचा वर्ग ÷ २).
३. अंतिम वेगाचा वर्ग = प्रारंभिक वेगाचा वर्ग + (२ × त्वरण × विस्थापन).

पहिले समीकरण म्हणजे रेषेचा चढ. दुसऱ्यातील पहिले पद म्हणजे आयत, दुसरे पद म्हणजे त्रिकोण. तिसरे समीकरण पहिल्या दोहोंतून काळ काढून टाकल्यावर उरते. पाठ्यपुस्तकातही ही समीकरणे आलेखावरूनच सिद्ध केलेली आहेत. परीक्षेच्या घाईत आपण ती पाने उलटून थेट चौकटीतील सूत्रांकडे जातो, एवढेच.

एक अट मात्र ठळकपणे सांगावी. ही समीकरणे त्वरण स्थिर असेल तरच लागू होतात, म्हणजे वेग-काल आलेख सरळ रेषा असेल तरच. वाऱ्यावर तरंगत खाली येणाऱ्या पानाला ती लागू नाहीत. थांबत-थबकत जाणाऱ्या एस.टी.च्या संपूर्ण प्रवासालाही नाहीत. सूत्र कोठे वापरू नये हे ज्याला कळले, त्यालाच ते समजले, असे म्हणता येईल.

तिसऱ्या समीकरणाचे एक उदाहरण पालकांनी आणि दुचाकी चालवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनीही पाहावे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदास ५ मीटरने कमी होतो असे मानले, तर गाडी थांबेपर्यंत १० मीटर जाते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर केला, तर थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही. ते चौपट, म्हणजे ४० मीटर होते. ब्रेक दाबण्याचे सुचेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी अनुक्रमे १० आणि २० मीटर मिळवावे लागतात. पहिली गाडी २० मीटरवर थांबते, दुसरी ६० मीटरवर. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते. वेगाचा वर्ग हा परीक्षेपुरता विषय नाही, हे यावरून ध्यानी यावे.

वर फेकलेला चेंडू, खाली पडलेला नारळ

पडणाऱ्या वस्तूचे त्वरण दर सेकंदास सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद असते. हिशेबासाठी १० धरू. वीस मीटर उंचीच्या माडावरून सुटलेला नारळ दोन सेकंदांत जमिनीवर येतो आणि तेव्हा त्याचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर असतो. माडाखाली बसू नये, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे किती रास्त आहे, ते हा हिशेब दाखवतो.

तितक्याच वेगाने चेंडू सरळ वर फेकला, तर तो दोन सेकंद वर जातो, २० मीटर उंची गाठतो आणि आणखी दोन सेकंदांत परत येतो. येथे विद्यार्थ्यांना विचारावे : सर्वोच्च बिंदूवर त्वरण किती? बहुतेक जण ‘शून्य’ म्हणतात. त्यांनी वेग-काल आलेख काढावा. रेषा २० पासून सरळ उतरत जाते, दोन सेकंदांना अक्ष ओलांडते आणि चार सेकंदांना उणे २० वर पोहोचते. अक्ष ओलांडताना ती कोठेही वाकत नाही. वेग शून्य झाला, चढ मात्र तोच राहिला. म्हणून त्वरणही तेच राहिले. ते शून्य झाले असते, तर चेंडू वरच लटकून राहिला असता. आता शिक्षकाला ‘चूक’ म्हणावे लागत नाही. आलेख पाहून विद्यार्थी आपले उत्तर आपणच दुरुस्त करतो.

एकाच वेळी दोन गती

प्रक्षेपित वस्तूची गती म्हणजे एकाच वेळी चाललेल्या दोन स्वतंत्र गती. आडव्या दिशेने एकसमान वेग, उभ्या दिशेने गुरुत्वाकर्षणाचे त्वरण. याची खात्री दोन नाण्यांनी पटते. टेबलाच्या कडेवरून एक नाणे टिचकीने आडवे उडवावे आणि त्याच क्षणी दुसरे त्याच उंचीवरून सरळ खाली सोडावे. वर्गाने डोळे मिटून ऐकावे. दोन्ही नाणी एकाच वेळी जमिनीवर आपटतात. एकच आवाज येतो. आडव्या गतीने पडण्याच्या काळात काहीही फरक पडत नाही.

आता पन्हळीतील गोळी पुन्हा घ्यावी. पन्हळीचे खालचे टोक ८० सेंटिमीटर उंचीच्या टेबलाच्या कडेशी आणून शेवटी सपाट करावे. गोळी सेकंदाला २ मीटर वेगाने आडवी बाहेर पडेल. ८० सेंटिमीटर पडण्यास तिला ०.४ सेकंद लागतील. तेवढ्या काळात ती आडवी ०.८ मीटर जाईल. म्हणून टेबलाच्या कडेपासून ८० सेंटिमीटरवर वाटी ठेवावी. गोळी सोडण्यापूर्वीच तिचे ठिकाण कागदावर लिहिलेले असावे. बहुधा पहिल्या खेपेस गोळी वाटीच्या थोडी अलीकडे पडते. ती का अलीकडे पडली, हा प्रश्न त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. पन्हळीच्या सांध्याशी गोळी अडखळली का? घर्षण किती? वेग पुन्हा मोजावा, हिशेब पुन्हा करावा आणि वाटी सरकवावी. गोळी वाटीत पडल्याचा आवाज झाला, की विद्यार्थ्यांचा सिद्धांतावर विश्वास बसतो, आणि तो कमावलेला असतो.

सिद्धांताची मर्यादाही येथेच दाखवावी. हवेचा विरोध नसेल, तर ४५ अंशांच्या कोनात फेकलेली वस्तू सर्वांत दूर जाते आणि ३० व ६० अंशांचे पल्ले समान येतात. परंतु हवा असते. १७४२ साली इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स याने बंदुकीच्या गोळ्यांचे वेग मोजून दाखवले, की वेगवान गोळ्यांवर हवेचा विरोध प्रचंड असतो आणि त्यांचा मार्ग पुस्तकातील परवलयाहून पुष्कळ वेगळा होतो. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१ मध्ये येथेच वारला. त्यानंतर चारच वर्षांनी, १७५५ साली, कमोडोर जेम्सच्या आरमाराने तोफांचा मारा करून हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग आंग्र्यांकडून घेतला. त्या तोफांचे गोळेही शुद्ध परवलयाने गेले नसणार. वाटीतील गोळीला जे समीकरण नेमके लागू पडते, ते तोफेच्या गोळ्याला तसेच लागू पडत नाही. शास्त्र आपली मर्यादा स्वतःच मोजून सांगते, हा त्याचा मोठेपणा.

हा पाठ कोणासाठी

आंजर्ल्याजवळच्या मुर्डी गावात १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ‘सीनियर रँग्लर’ ठरले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. गतिशास्त्र हा त्या परीक्षेचा महत्त्वाचा भाग होता. आपल्या परिसराला त्यांचा सार्थ अभिमान आहे. परंतु त्याच काळातील दुसरे चित्रही विसरता येत नाही. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ज्यांचे बालपणीचे काही दिवस दापोलीत गेले, ते भीमराव साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसून शिकत होते. पुढे मुंबईच्या शाळेत शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून इतर मुले ते उचलायला धावली, हा प्रसंग त्यांच्या चरित्रग्रंथांत नोंदलेला आहे. फळ्यापर्यंतची ती चार पावले किती लांबीची होती, हे कोणत्याही मोजपट्टीने सांगता येणार नाही. त्याच बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे कला शाखेबरोबर विज्ञान शाखाही होती.

म्हणून आपल्या निवासी विद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात खडू गेला पाहिजे आणि प्रत्येकाने फळ्यावर स्वतःचा आलेख काढला पाहिजे. यात आणखी एक व्यावहारिक लाभ आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी अकरावीत विज्ञान शाखेत जातो, तेव्हा विस्थापन, वेग, त्वरण या ओळखीच्या संकल्पना डिस्प्लेसमेंट, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन या नावांनी समोर येतात. वाक्यांच्या रूपात पाठ केलेले ज्ञान तेथे एका रात्रीत परके होते आणि अनेक हुशार मुले भाषेच्या अडचणीला बुद्धीची उणीव समजून शाखा सोडतात. आलेखाला मात्र भाषा बदलावी लागत नाही. रेषेचा चढ, रेषेखालचे क्षेत्रफळ आणि अक्ष ओलांडणारा बिंदू दोन्ही भाषांत तेच राहतात. ज्याने ते पुळणीवर मोजले आणि पन्हळीत पाहिले, त्याला फक्त नवी नावे शिकायची असतात.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढीच विनंती, की सुटीत मूल घरी आले म्हणजे ‘सूत्रे पाठ झाली का?’ असे विचारू नये. त्याला कागद द्यावा आणि शाळेपासून घरापर्यंतच्या प्रवासाचा आलेख काढून दाखवायला सांगावे. गाडी कोठे थांबली, कोठे वेगाने धावली, कोठे मागे वळली, हे त्याने रेषेत दाखवावे आणि आपण त्यावर प्रश्न विचारावेत. आपण स्वतः शाळेत गेलेलो नसलो, तरी हे प्रश्न विचारता येतात. कारण तो रस्ता आपलाही ओळखीचा असतो.